बाटलीवरची टिकली

तन्मयच्या मुलीचं, इराचं, बारसं झालं ते साल दोन हजार बावीस. त्याच्या थोडंच आधी डॉक्टरांनी तन्मयच्या वडिलांना, निशिकांतरावांना, सांगितलं होतं, लिव्हर निम्मं गेलंय, यापुढे एक घोटही नको. निशिकांतरावांनी घरातल्या सगळ्या बाटल्या सिंकमध्ये ओतल्या. मेधाने ते डोळ्यांनी पाहिलं, पण विश्वास ठेवला नाही. लग्नापासून ती नवऱ्याच्या शपथा ऐकत आली होती.

नेमकी त्याच वर्षी, परदेशात, ईस्ट कोस्ट भागातल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमागे लावलेल्या वेलाला काळी द्राक्षं लगडली.

"वाईन करतो," निशिकांतराव म्हणाले.

"पिणार कोण?"

"तन्मय, अनघा. इराच्या वाढदिवसाला उघडू."

"आणि तुम्ही?"

"मी करणार. करायला डॉक्टरांनी मनाई केलेली नाही."

बोक्याने दुधाची राखण करतो म्हणावं, तसला हा प्रकार.

त्यांनी घड न धुता हाताने कुस्करले, साखर घातली, चिनी मातीच्या बरणीत भरून वर मलमल बांधली. बरणी फसफसू लागली. सालं फुगून वर यायची, आणि निशिकांतराव सकाळ-संध्याकाळ लाकडी पळीने ती खाली दाबायचे. तेवढा वेळ मेधा शेजारी मेथी निवडत बसायची. पळी त्यांच्या तोंडाकडे जात नव्हती, पण धुण्याआधी ते ती हुंगायचे. जेवणानंतर बडीशेप चघळायची सवयही तेव्हाच लागली. वास लपवायलाच, दुसरं काय.

सालं तळाशी बसल्यावर त्यांनी रस गाळून मोठ्या काचेच्या बाटलीत पार गळ्यापर्यंत भरला. वर हवा राहिली की बिघडते, म्हणाले. बाटली बाँब शेल्टरमध्ये गेली. युद्ध झालं तर लपायची ही जाड भिंतींची खोली तिथल्या फ्लॅटांत असतेच. एरवी तिथे सुटकेसा आणि तांदूळ. मेधाने रसाच्या बरोबर रेषेत, भिंतीकडच्या बाजूला, आपली मरून टिकली चिकटवली.

आठवडा झाला तरी रस टिकलीखाली उतरला नाही. दुसरी बाई निश्चिंत झाली असती. मेधाचा संशय दुणावला. पितात आणि पाणी घालून ठेवतात. पण पाणी आहे की नाही हे चाखल्याशिवाय कळणार कसं? निशिकांतराव पार्कात चालायला गेले की ती चमचाभर घेऊ लागली. पहिल्यांदा तुरट लागलं. मग जरा पातळ वाटलं. नक्की ठरेना म्हणून आणखी एक चमचा. पुढे चमच्याची वाटी झाली. तरी रस आपला टिकलीपाशीच. म्हणजे चोर सापडला.

रविवारी जेवताना तिने सगळ्यांसमोर विचारलं, "अहो, त्या बाटलीत भर कोण घालतं?"

"मी," निशिकांतराव म्हणाले. "कमी होतेय म्हणून, उरलेली लहान बाटलीत ठेवलीय, त्यातली घालतो. मला वाटलं अनघा घेतेय. दमते पोरगी, म्हणून बोललो नाही."

"मी? बाबा, मी अजून इराला पाजतेय."

"माझ्याकडे बघू नकोस," तन्मय बायकोला म्हणाला. "मी बिअरवाला."

अनघाने सासूकडे निरखून पाहिलं. "आई, जीभ दाखवा."

मेधाने तोंड घट्ट मिटलं. तन्मयला हसताना ठसका लागला.

"मी तपासत होते," ती शेवटी म्हणाली.

"वाटीने?" अनघाने विचारलं. "ती वाटी रोज मीच घासते, आई."

निशिकांतराव हसले नाहीत. ते पुढे झुकले. "कशी झालीय गं?"

खोटं बोलतानाचा त्यांचा चेहरा मेधाला तोंडपाठ होता. हा तो नव्हता. या माणसाला चव खरंच माहीत नव्हती.

"तुरट," ती म्हणाली. "जांभळासारखी. शेवटी थोडी गोड."

"थोडी म्हणजे किती?"

ते विचारत राहिले, आणि ती हातातला घास ठेवून सांगत राहिली.

इराच्या वाढदिवसाला त्यांनी स्वतः सगळ्यांना वाईन ओतली आणि आपल्यापुरतं लिंबूसरबत घेतलं. मेधाने तरीही नजर ठेवली. जन्माची सवय एका संध्याकाळी सुटत नाही. पण थेंबभरही त्यांनी कधी घेतली नाही. लिव्हरला मात्र उशीर झाला होता. निशिकांतराव ३० ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी गेले.