मे महिन्यात मोजलेलं तळं

"खाली जमीन दिखाइए, कुमुदजी. पानी कहाँ है वहाँ?" कार्यालयाचे प्रमुख बत्रासाहेब नकाशावर बोट ठेवून म्हणाले.

सर्वेक्षणात पाणी नव्हतं, हे खरंच होतं. दिल्लीच्या हद्दीतल्या, गाझियाबादकडच्या त्या गावाची मोजणी झाली मे महिन्यात, आणि मे महिन्यात इकडे कुठलं तळं ओलं असतं? मोजणीदारांनी भेगाळलेली माती पाहिली, 'मोकळी जागा' असं लिहिलं आणि ते घरी गेले. आता तिथे साडेतीनशे फ्लॅट उठणार होते. नियोजन कार्यालयात एकोणतीस वर्षं नकाशे काढणाऱ्या कुमुद देवस्थळी ऑगस्टमधल्या एका रविवारी बसने तिथे जाऊन आल्या होत्या. तळ्यात म्हशी डुंबत होत्या. अख्ख्या गावाच्या विहिरींना पाणी होतं ते त्या तळ्यामुळेच, म्हणून परतल्यावर त्यांनी ते नकाशावर काढलं होतं.

कुमुदनी तळं पुसायला साफ नकार दिला. तळं नसलेला नकाशा दुसऱ्या कुणाकडून तरी करवून घेतला गेला आणि लोकांच्या हरकतींसाठी महिनाभर व्हरांड्यात टांगला गेला. त्याच्यासमोरून जाता-येता कुमुदच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

नवऱ्याने, श्रीरंगने, परोपरीने समजावलं. "रिटायरमेंटला तीन वर्षं राहिलीत. चलो, सोड ना आता. कशाला त्यांच्या डोळ्यावर येतेस?"

"हरकत कुठल्याही नागरिकाला घेता येते, श्रीरंग. हरकती मागवणाऱ्या त्या नोटिशीची अक्षरं मीच काढलीत."

हरकतींच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्या आपल्याच कार्यालयाच्या खिडकीसमोर रांगेत उभ्या राहिल्या. आतल्या बाबूने ओळखून अर्ज हळूच परत सरकवला. त्यांनी तो पुन्हा आत ढकलला आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय त्या हलल्या नाहीत. आठवड्याच्या आत त्यांची रवानगी तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. श्रीरंग त्या दिवशी जेवला नाही.

सुनावणीला कुमुद अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेल्या. टेबलापलीकडे बत्रासाहेबच बसले होते. त्यांनी मान वर न करता नाव विचारलं, जणू पहिल्यांदाच भेटत होते. मग विचारलं, "किस हैसियत से आई हैं?"

कुमुदनी शिक्का मारलेली पोच टेबलावर ठेवली.

"दिल्ली में रहती हूँ, साहब. वह तालाब मैंने देखा है."

स्टेनो साहेबांकडे बघत बसला, पेन्सिल उचलेना. मागे गावातली दहा-बारा माणसं ताटकळत होती. कुमुद उभ्याच राहिल्या. अखेर साहेबांनी नाइलाजाने मान हलवली. मग कुमुदनी तळ्याची लांबी सांगितली, रुंदी सांगितली, आणि स्टेनोने आकडा नीट उतरवला का ते वाकून पाहून, सावकाश, खोली सांगितली.