भारी पिस्तूल

बायको कुसुमावती गेली हे खंडोजीला कळलं, तेव्हा तो इंदूरच्या एका दुकानात छऱ्याचं पिस्तूल हातात तोलून बघत होता. फोनवर देवासहून शेजारची अक्का रडत होती. पिस्तूल काउंटरवर ठेवून तो तसाच बस पकडून घरी आला. सकाळी निघताना ती दारातून म्हणाली होती, "अहो, उर्वीसाठी भारी घ्या. उगाच काहीतरी हलकं घेऊन येऊ नका." तेच तिचं शेवटचं बोलणं.

उर्वी त्यांची एकुलती एक मुलगी. कॉलेज सांभाळून नेमबाजीला जायची आणि क्लबचं पिस्तूल वापरायची. त्याची मूठ मोठ्या पंजासाठी केलेली. चापापर्यंत बोट ताणावं लागे आणि छर्रा डावीकडे जाई. दिवाळीनंतर स्पर्धा होत्या, स्वतःचं पिस्तूल हवंच होतं.

दिवस-कार्य उरकून काही महिने गेल्यावर खंडोजी तिला घेऊन त्याच दुकानात गेला. दुकानदार राजवीरने दोन पिस्तुलं पुढे ठेवली. एक पोलादी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ असलेलं. दुसरं अ‍ॅल्युमिनियमचं. त्याची मूठ प्लास्टिकची, पण तळहाताखालची टेकणी हवी तशी वरखाली करता येत होती.

खंडोजीचं देवासला भांड्यांचं दुकान. जाड बुडाचं, हाताला जड लागेल ते पातेलं चांगलं, एवढा साधा हिशेब. त्याने पोलादी उचललं. "हे भारी आहे."

"भारी तो है भिया," राजवीर हसला, "पर बिटिया की कलाई भी तो देखो."

उर्वीने ते धरून हात लांब केला. थोड्याच वेळात नळीचं टोक खाली झुकलं, मनगट थरथरायला लागलं. मग तिने दुसरं घेतलं. टेकणी सरकवली, मूठ हातात बसली, बोट आपसूक चापावर आलं. नळी हलेना.

"बाबा, हेच."

"प्लास्टिक आहे ते. हलकं."

"मग हलकंच पाहिजे ना मला! हात दुखत नाही."

"हलकं म्हणजे हलक्या प्रतीचं. आई काय म्हणाली होती तुझी?"

"भारी म्हणाली. भारी म्हणजे मस्त, बाबा. वजनदार नाही."

"तुला काय ठाऊक? हिंदी शाळेतली तू."

"आणि तुम्हाला सगळी दुनिया पातेलीच दिसते!"

राजवीर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

खंडोजीने दोन्ही पिस्तुलं पुन्हा उचलून बघितली. पोरीचं खरं असेल. पण नसेल तर? बायकोला विचारता आलं असतं तर ती दोन शब्दांत सांगून मोकळी झाली असती. आता कुणाला विचारणार? हलकं घ्यावं तर तिने नको म्हटलेलं घेतल्यासारखं होतं. जड घ्यावं तर पोरीचा हात समोर थरथरताना दिसला होता.

"पुन्हा येऊ," तो म्हणाला.

बसमध्ये उर्वी मनगट चोळत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "बाबा, आईनं कधी पिस्तूल हातात तरी धरलं होतं का?"

नव्हतं धरलं. हे त्यालाही माहीत होतं. त्याने तिकिटं काढून बघितली आणि पुन्हा खिशात ठेवली.

दिवाळी झाली, स्पर्धा तोंडावर आल्या. उर्वी अजून क्लबच्याच पिस्तुलावर सराव करते. तिचं पिस्तूल घ्यायचं राहिलं आहे.