चव्वेचाळीस सेंटांचं ऊन

जानेवारी म्हणजे ऑस्ट्रेलियातला ऐन उन्हाळा, आमच्या पोर्ट पिरीला नुसती भट्टी पेटते. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, घरात त्याहून थोडंच कमी, आणि माझा नवरा मर्व्ह पडदे ओढून खुर्चीत बसलाय, टोमॅटोसारखा लाल. हृदयाचं ऑपरेशन होऊन महिना झाला नाही! "यांना गारव्यात ठेवा," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. याला नाही, मला. याला बरोबर ओळखलं होतं त्यांनी.

"मर्व्ह, एसी लावते."

"संध्याकाळी लाव की."

एसीचा रिमोट याच्या शर्टाच्या खिशात. छपरावरच्या सोलर पॅनलची वीज आपण वापरली नाही, तर कंपनी ती युनिटला चव्वेचाळीस सेंटांनी विकत घेते. जुना करार. रात्री विकत घेतलेली वीज त्याहून स्वस्त पडते. शेजारच्या कीथनं पॅनल उशिरा बसवले, त्याला पाचच मिळतात. झालं! आमच्या घरात दिवसा काही म्हणून चालत नाही. धुणं रात्री, इस्त्री रात्री. भर दुपारी मी किटली लावली, तर हा असा बघतो जणू मी चोरी केली.

मी स्वयंपाकघरात गेले, परत आले. ओला टॉवेल याच्या मानेवर ठेवला, तो गरम झाला, पुन्हा भिजवून आणला. बसवेच ना मला. दर फेरीला वाकून याचा श्वास ऐकत होते.

"कशाला येरझाऱ्या घालतेस, बेरिल? तुझ्यामुळेच जास्त उकडतंय."

"गप बस, मेल्या!"

माझं टाळकंच सरकलं. तशीच बाहेर गेले, मीटरच्या पेटीतला सोलरचा खटका खाली ओढला आणि आत आले.

"बंद केले तुझे पॅनल. आता विकायला काही नाही. काढ रिमोट."

"वेड लागलं का तुला? ऐन दुपारचं ऊन फुकट चाललंय!" हा ताडकन उठायला गेला आणि छाती धरून खाली बसला.

"दोनच उन्हाळे उरलेत गं," त्याला धाप लागली होती. "मग हा भाव संपला."

"आणि तुझे किती उरलेत?"

बोलून गेले, आणि मलाच रडू फुटलं. मर्व्हनं खिशातून रिमोट काढून माझ्या हातात ठेवला.

"बावीसवर ठेव," तो म्हणाला. "पण आधी तो खटका वर कर. लावायचाच, तर आपल्या उन्हावर लावू."