बागेत बसलेली मेंढरं

बाग वाळली, असं नानासाहेबांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं आणि बानाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. सहा वर्षं जिनं बाग सांभाळली, तिला कुणी विचारलंसुद्धा नाही! मे महिन्यात बोर, आपटा हिरवेगार कुठून दिसणार? पावसाळाभर गवताला विळा लावायचा नाही, दिवाळीनंतर बी झडलं की ते कापून झाडांच्या बुडाशी अंथरायचं आणि उन्हाळ्यात झाडा-गवताला निजू द्यायचं. टँकरचा थेंबही लागत नाही.

पण नवे अध्यक्ष नानासाहेब गंगापूरकडच्या ऊसवाल्या घरातले. पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला कोरडं म्हणजे मेलेलंच वाटायचं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि यांना लॉन हवं होतं! सोमवारी बाग उपटायला जेसीबी येणार होता.

बानाबाईनं नखानं आपट्याची साल खरवडून आतलं हिरवं दाखवलं. "वाळलं नाय साहेब, निजलंय."

"बाई, ठरलंय ते ठरलंय," नानासाहेब म्हणाले आणि चालू लागले.

दरवर्षी याच दिवसांत ती मेंढरं राखणाऱ्या आपल्या भावाकडून, मुंजाबाकडून, लेंडीखताची पोती मागवायची. यंदा तिनं निरोप धाडला, पोती नको, मेंढरंच आण.

सोमवारी सकाळी जेसीबी फाटकाशी आला, तेव्हा बागेत शंभरेक मेंढरं निवांत रवंथ करत बसली होती. मुंजाबा काठी टेकून मधोमध उभा.

"हाकला ती आधी!" नानासाहेब कडाडले.

"तुमीच हाकला की," बानाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "पाट यायच्या आधी तुमच्या रानात खतासाठी धनगराचीच मेंढरं बसत व्हती ना? बसलेला कळप तुमच्या वडलांनी कधी उठवला व्हता?"

नानासाहेबांचा उगारलेला हात हवेतच राहिला. पाट यायच्या आधीचं, अगदी लहानपणी पाहिलेलं त्यांना आठवलं. वडील कळप उठवत नसत. कळप रानात असेपर्यंत धनगराची भाकरी ते स्वतः घेऊन जायचे.

"आन् ज्याच्या रानात मेंढरं, त्याच्या घरची भाकरी," बानाबाईनं सोडलं नाही. "मुंजाबा कवाचा उपाशी हाय."

नानासाहेबांच्या बायको, आशाबाई, मघापासून जिन्यात उभ्या होत्या. त्या वर गेल्या आणि भाकरी-ठेचा घेऊन आल्या. नानासाहेबांनी ताट आपल्याच हातात घेतलं. बानाबाईनं जेसीबीवाल्याला मागं जायची खूण केली. तो गेला.

नानासाहेब मुंजाबाकडे निघाले, तशी ती मागून गरजली, "बेतानं पाय टाका, साहेब. खाली गवताचं बी निजलंय."