सतरावं शोकगीत

उपेंद्र गायधनींनी वहीचं पान कोऱ्या चहाच्या ताटलीत बुडवलं, दहापर्यंत मोजलं आणि चिमटीत धरून पंख्याखाली वाळत घातलं. वय वर्षं चौऱ्याहत्तर, आणि उद्योग हा! इंदिरानगरच्या त्या फ्लॅटमध्ये दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं. पत्नी मालिनीबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या असत्या तर नुसतं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या असत्या आणि तेवढ्यानं सरांचा हात थांबला असता.

पान चाळीस वर्षांपूर्वीचं दिसायला हवं होतं, कारण चार वाजता सई यायची होती.

सई इथलीच, कॉलेज रोडची. बारावीत असताना तिनं सरांचं ग्रीक शोकगीतांचं पुस्तक वाचलं, त्यातल्या सतराव्या गीतापाशी अडकली, आणि घरच्यांनी वेड्यात काढलं तरी ग्रीक शिकायला गेली. आता ती ग्रीसमध्ये थेसालोनिकीच्या विद्यापीठात मध्ययुगीन आणि आधुनिक ग्रीक साहित्यावर प्रबंध लिहीत होती. त्यातलं एक अख्खं प्रकरण त्या सतराव्या गीतावर उभं होतं, आणि गीताच्या मूळ ग्रीक ओळी तिला कुठेच सापडत नव्हत्या. सरांच्या त्या वेळच्या वहीत असतील, एवढीच आशा होती.

सापडणार कुठून? तळटीपेत सरांनी लिहिलं होतं की तिकडच्या एपिरस भागातल्या एका डोंगरी गावात म्हाताऱ्या बाईच्या तोंडून ऐकून हे टिपलं. ते धादांत खोटं होतं. पहिली सोळा गीतं मात्र खरी. अथेन्सला चार वर्षं घासून ते ग्रीक शिकले होते, त्यांची विद्या काही खोटी नव्हती. पण ती सोळा गीतं मराठीत आली ती सरकारी परिपत्रकासारखी कोरडी. सरांनाही ते कळत होतं, आणि त्यांचा जीव जळत होता.

त्याच सुमारास घरकामाला असलेल्या बयाबाईची नऊ वर्षांची मुलगी तापानं गेली. महिन्याभरानं बयाबाई वणीकडच्या तिच्या गावाहून परत कामाला आली आणि मागच्या गॅलरीत भांडी घासता घासता हलक्या आवाजात मुलीच्या नावाचं गाणं म्हणू लागली. सर दाराआड उभं राहून लिहून घेत गेले. आता त्या गीताचा विचार आला की त्यांना स्वतःचं ते दाराआड उभं राहणंच आधी आठवायचं. मुलीचं नाव काढून तिथे त्यांनी इलेनी घातलं.

फणी राहिली कोनाड्यात, पोर निघाली मोकळ्या केसांनी,
माझ्या इलेनीची वेणी, तिकडं घालावी कुणी?

पुस्तक आलं तेव्हा समीक्षकांनी एवढं एकच गीत डोक्यावर घेतलं. पुढे ते पाठ्यपुस्तकातही गेलं.

गेले चार दिवस सर त्याच ओळी मराठीवरून उलट ग्रीकमध्ये रचत बसले होते. तिकडच्या लोकगीतांचं पंधरा अक्षरांचं वृत्त नीट साधलं, व्याकरणात चूक नव्हती. आता त्या या पिवळ्या पानावर उतरवल्या की झालं.

सई वेळेवर आली. बसल्या बसल्या तिनं सगळं सांगून टाकलं. दोन उन्हाळे ती एपिरसची गावं पालथी घालत होती. तिथल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, आमच्यात असं कुणी म्हणत नाही. तिच्या मार्गदर्शकांना तर ते गीत बनावट असल्याचा संशय आला होता, आणि त्यावरून तिचं त्यांच्याशी चांगलंच वाजलं होतं.

"मी त्यांना सांगितलं, आमचे सर खोटं लिहिणार नाहीत."

टेबलावर पान तयार होतं. सरांनी ते उचललं, तिच्यापुढे धरलं, आणि ती हात पुढे करतेय तोच मागे घेऊन चुरगाळलं. मग तिच्याकडे न बघता सगळं सांगितलं, चहाच्या ताटलीसकट. तिनं ओरडावं, उठून जावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

सईनं आपली वही उघडली.

"त्या मुलीचं नाव काय होतं, सर?"

सरांनी तोंड उघडलं. इलेनीच्या जागी काय होतं, ते काही केल्या आठवेना. बाईनं बावीस वर्षं घरात काम केलं, आणि तिचं आडनावसुद्धा त्यांना सांगता येईना. पत्ता तेवढा मालिनीबाईंच्या डायरीत निघाला.

दोनच दिवसांनी सर्वपित्री अमावास्या होती. सण उलटेपर्यंत थांबायला सरांना धीर निघेना, आणि सईची परतीची तारीखही जवळ आली होती. म्हणून अमावास्येच्याच दिवशी ते दोघं बयाबाईकडे गेले. घर पत्र्याचं, स्वच्छ सारवलेल्या अंगणाचं. पडवीच्या पत्र्यावर पितरांची पानं ठेवलेली होती. एक थोरलं, आणि जरा बाजूला दोन लहान.

बयाबाई पार वाकली होती, पण तिनं सरांना लगेच ओळखलं. नात वैष्णवीला पाणी आणायला सांगितलं, जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणाली. सर उभेच राहिले. घरून ठरवून आणलेली वाक्यं जेमतेम निम्मी बोलून झाली, तेवढ्यात तिनं हातानं थांबवलं.

"ठावं हाय मला. मी काम सोडलं तवा मालिनीबाईंनी लुगड्यासंगं पुस्तक दिलं व्हतं. ही पोर वाचाया शिकली, तवा वाचून घेतलं तिच्याकडनं. दुसऱ्या वळीलाच वळखलं. माझंच व्हतं. नाव तेवढं परकं."

"तुम्हाला राग नाही आला, आजी?" सईनं विचारलं.

"लय आला. दोन दिस जेवले नाय." बयाबाईनं पत्र्याकडे पाहिलं. "मंग म्हनलं, शिकल्या मानसानं पुस्तकात नाव बदललं. वर बी त्याच नावानं जेवाया बोलवत असतील, तर पोर उपाशी ऱ्हायची माझी. म्हून दोन पानं काढते. एक तिच्या नावाचं, एक त्या नावाचं."

सरांनी पत्र्यावरच्या त्या दोन लहान पानांकडे पाहिलं.

सईनं हळूच खरं नाव विचारलं. बयाबाई सरांकडे पाहत राहिली. त्यांनी तर ते ऐकून लिहून घेतलं होतं. सरांनी मान खाली घातली, आणि ते आपल्याला आठवत नाही हे त्यांना तिच्यासमोर, नातीसमोर, सईसमोर सांगावं लागलं.

"झुंबर," ती म्हणाली.

वैष्णवीनं आतून पुस्तक आणलं. सरांनी सतरावं गीत काढलं, इलेनीवर रेघ मारली आणि वर झुंबर असं लिहिलं. तळटीपही खोडली, तिथे बयाबाईचं पूर्ण नाव वैष्णवीला विचारून लिहिलं. अक्षर वाईट आलं. बयाबाईला वाचता येत नव्हतं, तरी तिनं पुस्तक जवळ घेऊन त्या जागेवर बोट ठेवून पाहिलं.

"समद्या पुस्तकांत बदललं का, सायेब?"

"नाही," सर म्हणाले. "या एकात."

"मंग ऱ्हाऊ द्या दोनच पानं," ती म्हणाली आणि सर-सईची ताटं वाढायला आत गेली.