उपाशीपोटी

डॉ. अमृतलालांनी रक्तावर साचलेल्या पिवळसर पाण्याचा थेंब यंत्राच्या काचेवर सोडला आणि खिडकीकडे तोंड करून नळीला डोळा लावला. थेंबातून उजेड किती वाकतो, त्यावरून रक्तातली प्रथिनं मोजता येत. धुळ्यात असं यंत्र त्यांच्याच दवाखान्यात होतं, त्यामुळे त्यांचा त्यावर भारी जीव.

"आज जरा गढूळ वाटतंय. सकाळी काही खाल्लं होतं का हिने?"

"पानी बी नही, डाक्टरसाहेब," भिकुबाई म्हणाली आणि तिने पदराने लेकीचे ओठ पुसले.

वच्छला मान खाली घालून बसली होती. बाळंतपणात मूल गेलं, तेव्हापासून अंगावरची सूज उतरत नव्हती. मागच्या खेपेला प्रथिनांचा आकडा पाचाच्याही खाली निघाला, हवा होता सहाच्या वर, तेव्हा सासूने निरोप धाडला होता, आता रक्त भरलं नाही तर हिलालसाठी दुसरी बघू. म्हणून आज पहाटे धर्मशाळेत भिकुबाईने गरम दुधात वाटीभर तूप ओतून लेकीला पाजलं. उपाशीपोटी या, खाल्लेलं तूप-तेल रक्तात उतरलं की आकडा खोटाच चढतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तुपाने रक्त भरतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. यंत्र बिचारं जर्मनीचं, त्याला खानदेशातलं तूप काय कळणार!

"साडेसात!" डॉक्टर खुलले आणि दाराशी उभ्या जावयाकडे वळले. "हिलालभाऊ, आता औषधही नको. घरी न्या, कामाला लागू द्या."

हिलालचा चेहरा उजळला.

"चाल वं, मी गाडी जुपस. माय वाट दखी ऱ्हायनी."

भिकुबाईच्या मनासारखं झालं होतं. लेकीच्या पायातला तोडा सारखा करायला ती वाकली. अंगठा नडगीवर टेकला. उचलला तरी तिथला खळगा भरेना. या पायांनी पोर शेतात उभी राहणार होती.

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. जावयासमोर कधी तोंड न उघडणारी भिकुबाई दारात गेली.

"जवाई, बैलं सोडा."

मग ती डॉक्टरांकडे वळली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"डाक्टरसाहेब, मी खोटं बोलनू. तिले तूप पाजं मी. तिनं रगत उद्या परत ल्या."

डॉक्टरांनी यंत्रावरचा हात काढला. हिलाल हातात दोर घेऊन तसाच दाराशी उभा राहिला.

वच्छलाने पहिल्यांदाच मान वर केली.

"उद्या मी उपाशीच ऱ्हासू, माय."