अकरा अक्षरांचं नाव

मी एक जुना, दोरीने बांधलेला पेन आहे. मित्रांनो, दचकू नका, मी गुन्हा काही केलेला नाही. जन्मनोंदणी कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीपाशी मला बांधलंय, कारण आनंदाच्या भरात आईबाप मला खिशात घालून नेतात. कारखान्यात माझ्यासोबत हजारो पेन जन्मले. सगळ्यांचं नाव एकच होतं आणि कुणाची तक्रार नव्हती.

माणसांचं तसं नसतं. आजवर मी बाळांना धूमकेतूंची नावं दिली, बुडालेल्या शहरांची दिली. एका बाळाचं नाव लिहिताना तर बापानेच चारदा चिठ्ठी पाहिली. "काय झरझर चालतो हो!" असं कुणी म्हटलं की मी आणखी जोरात पळायचो. त्याच जोरात मी तीस वर्षांपूर्वी एका गृहस्थांच्या मुलाचं अकरा अक्षरांचं नाव लिहिलं. असं नाव जगात दुसरं नाही, हे त्यांनी कारकुनांना तीनदा ऐकवलं.

तेच गृहस्थ परवा आजोबा होऊन आले. सोबत तो मुलगा, सून आणि सुनेच्या कडेवर वर्षाची नात. नाव लिहायची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. नंतर कोर्टाच्या पायऱ्या. घरात वर्षभर यावरच वाद चालला होता. पाचला नऊ मिनिटं होती आणि आजोबांच्या हातातल्या चिठ्ठीवर पुन्हा अकरा अक्षरं.

"बाबा, माझ्यावर भागलं नाही का?" मुलगा म्हणाला.

"तुझं नाव ऐकून लोक थबकतात!"

"थबकतात आणि पुढे जातात. शाळेत बाईंनी पहिल्याच दिवशी हात टेकले. तेव्हापासून मी वीस. हजेरीतला नंबर. ही बायकोसुद्धा वीसच म्हणते मला."

सुनेने लेकीला आणखी घट्ट धरलं.

आजोबांनी मला उचललं. मित्रांनो, आमच्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. लिहिलं ते जन्माचं. मी जीव खाऊन शाई रोखून धरली. त्यांनी मला झटकलं, तळहातावर घासलं, टोकावर फुंकर मारली. सहा मिनिटं उरली. शेवटी मी हरलो. तळहातावर निळी रेघ उमटली.

"थांबा," कारकून म्हणाले. अलीकडे त्यांची एक पद्धत आहे. नाव चमत्कारिक वाटलं की लिहिण्याआधी ते पालकांना दारापाशी उभं करतात. "पोर बाहेर खेळतेय, ताटातलं गार होतंय, असं समजा. मारा हाक."

आजोबा छाती काढून दारात गेले. सातव्या अक्षरावर दम संपला. आठव्यावर असा ठसका लागला की चेहरा लालबुंद झाला. भिंतीला धरून ते कसेबसे ओरडले, "वीस! अरे वीस, पाणी आण!"

सगळी रांग वळून बघू लागली. मुलगा पाणी घेऊन धावला. कारकुनांनी चष्म्यावरून पाहिलं. "आजोबा, हाक कुणाला मारलीत? या नावाची नोंद नाही आमच्याकडे."

आजोबा सावकाश पाणी प्याले. चिठ्ठीची घडी केली, खिशात ठेवली आणि मला सुनेच्या हातात दिलं. "लिही बाई. तू तिला म्हणतेस ते लिही."

"आधी हाक," कारकून म्हणाले. नियम म्हणजे नियम. तीन मिनिटं होती.

लेकीला नवऱ्याकडे देऊन ती दारात गेली. दोन अक्षरं. लेकीने गर्रकन मान वळवली. रांगेतल्या आणखी दोन मुलींनीही वळवली.

"बघा! म्हणत नव्हतो मी?" आजोबा पुटपुटले. पण अडवलं नाही. मी लिहिलं, आणि खिडकी बंद झाली.

जाताना आजोबा दाराशी रेंगाळले. पुढे गेलेल्या मुलाला त्यांनी पूर्ण नावाने हाक मारली, दोन श्वासांत, अकराही अक्षरं. मुलगा वळला नाही. त्याला सवयच नव्हती.

मित्रांनो, माझी शाई आता संपत आलीय. माझी दोरी कात्रीने तुटते, मी लिहिलेलं नाव तुटत नाही. म्हणून मला उचलण्याआधी एवढंच करा, दारात जाऊन एक हाक मारून बघा.